कान दुखतो, पण दुखणे कुठले?

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचे मामा एके दिवशी संध्याकाळी घरी आले आणि ओट्यावर बसूनच म्हणाले, "बाबू, उजवा कान ठणकून राहिला रे. रात्री झोप म्हणून लागत नाही."

आम्ही म्हणालो, "मामाजी, पावसाचं पाणी गेलं असेल. थेंब टाका, उतरेल."

आम्ही स्वतःच औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणून दिली. बाटली संपली, दुसरी आणली. आमच्या मामींनी लसूण घालून कोमट केलेले तेलही टाकून पाहिले. शेजारच्या आजीबाईंनी दृष्ट काढली. मामा हमालीचे काम करणारे. दुखणे अंगावर काढायची त्यांना सवय. असे तीन महिने गेले. शेवटी डॉक्टरांकडे नेले तेव्हा त्यांनी कानात उजेड टाकून पाहिले आणि सांगितले, "कान अगदी स्वच्छ आहे, पडदा चांगला आहे." आम्ही निश्चिंत झालो. कान चांगला आहे म्हणजे काही झालेले नाही, असा सरळ हिशेब आम्ही मांडला.

तो हिशेब चुकला. कसा चुकला, हे सांगण्यासाठीच हा लेख.

पुढे आमच्या मंडळाने वस्तीत आरोग्य शिबिर घेतले. आमच्याच वस्तीतली एक मुलगी दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला शिकत होती. ती शिबिरात मदतीला होती. मामांची तक्रार ऐकून तिने कानाला हातही लावला नाही. म्हणाली, "बाबूजी, तोंड उघडा. जीभ बाहेर काढा." मामांची जीभ नीट बाहेर येईना. तिने कापसाने जीभ धरून एका बाजूला केली, तर उजव्या कडेला, दाढांच्या समोर, चवलीएवढी जखम. मामांना ती ठाऊक होती. "दाढ लागते म्हणून झाली असंल," असे ते म्हणाले. त्या मुलीचा चेहरा उतरला.

दुखत होता कान आणि रोग होता जिभेवर. असे का व्हावे? हा प्रश्न आम्हाला स्वस्थ बसू देईना. आम्ही बी. कॉम. झालेले, नोकरीने कारकून. शरीरशास्त्राशी आमचा संबंध शाळेपुरताच. परंतु त्या मुलीने एका कागदावर चेहऱ्याचे चित्र काढून समजावले, नंतर पुस्तकेही वाचायला दिली. त्यातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. यातले बरेचसे आपल्याला आरशासमोर उभे राहून, स्वतःच्या बोटांनी तपासून पाहता येते.

कानाला चिकटून असलेला सांधा

दोन्ही करंगळ्या हलक्या हाताने कानांत घाला आणि तोंड उघडझाक करा. करंगळीला पुढच्या बाजूने काहीतरी हलताना लागते. तो खालच्या जबड्याचा वरचा गोल टोकाचा भाग होय. जबड्याचा सांधा कानाच्या भोकाच्या अगदी पुढे असतो. दोघांच्या मध्ये हाडाचा पातळसा पडदा तेवढा आहे.

हा सांधा दरवाजाच्या बिजागरीसारखा नुसता फिरत नाही. तोंड थोडे उघडले तर टोक जागच्या जागी फिरते; मोठा आ केला की ते खोबणीतून पुढे सरकते. मध्ये कुर्चेची एक लहानशी चकती असते, तीही सोबत सरकते. ही चकती जागा सोडू लागली तर तोंड उघडताना कानाजवळ 'कट्' असा आवाज येतो. रात्री झोपेत दात खाण्याची सवय असणाऱ्यांचा हा सांधा दुखू लागतो आणि माणूस सांगतो, "कान दुखतो."

जांभई देताना एखाद्याचा जबडा पुढे सरकून तिथेच अडकतो. त्याला आपण जबडा निखळला म्हणतो. खालच्या दाढांवर अंगठे ठेवून जबडा आधी खाली दाबायचा व मग मागे ढकलायचा, ही रीत सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यकग्रंथांतही आहे. मात्र हे काम जाणकाराचे. घरच्या माणसाने त्यावर थापडा मारण्याचा प्रयोग करू नये.

चार स्नायूंचे काम

आता दात घट्ट आवळा आणि गालावर, जबड्याच्या कोपऱ्याजवळ बोटे ठेवा. टणक गोळा लागेल. हा मॅसेटर नावाचा स्नायू. गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत तो जातो. तसेच दात आवळून कानशिलावर हात ठेवा. तिथेही हालचाल कळेल. हा टेम्पोरॅलिस. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला हा स्नायू गालाच्या हाडाखालून जाऊन जबड्याला धरतो. हरभरे चावताना कानशील हलते ते यामुळेच.

हे दोन स्नायू बाहेरून कळतात. उरलेले दोन जबड्याच्या आतल्या अंगाला, चेहऱ्याच्या खोल भागात दडलेले आहेत. त्यांना टेरिगॉइड म्हणतात. त्यांतला एक जबड्याच्या कोपऱ्याला आतून धरतो. बाहेरून मॅसेटर आणि आतून हा, अशी झोळीच तयार होते. दुसरा जवळजवळ आडवा असून जबड्याच्या वरच्या टोकाला व त्या चकतीला जोडलेला आहे. पहिले तीन स्नायू तोंड मिटतात. हा चौथा जबड्याचे टोक पुढे ओढून तोंड उघडायला मदत करतो. डावा-उजवा आळीपाळीने ओढू लागला की जबडा बाजूंना फिरतो आणि भाकरी दाढांमध्ये जात्यासारखी दळली जाते.

मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा फार बलवान आहेत. म्हणून सगळे स्नायू एकदम आखडले तर तोंड मिटलेलेच राहते. धनुर्वातात दातखीळ बसते ती अशी. धनुर्वाताचे विष पुष्कळदा प्रथम जबड्याच्या स्नायूंवर परिणाम दाखवते. पूर्वी खेड्यापाड्यांत नवजात मूल दूध ओढेनासे झाले, दातखीळ बसली की बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे होत आणि मूल दगावे. त्याचे कारण नाळ कापण्याचे अस्वच्छ साधन हे होते. गरोदर मातांना लस, दवाखान्यातली प्रसूती आणि स्वच्छ नाळ यांमुळे हा रोग एवढा मागे हटला की २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. जे काम अंगाऱ्याने झाले नाही ते सुईने झाले, हे आपल्या आयाबहिणींनी लक्षात ठेवावे.

एकच तार, अनेक खाती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गालाच्या हाडाच्या मागे, जबड्याच्या उभ्या भागाच्या आत एक पोकळी आहे. टेरिगॉइड स्नायू, रक्तवाहिन्यांचे जाळे आणि एक जाडजूड मज्जातंतू इतके सामान तिच्यात दाटीने भरलेले आहे. कवटीच्या तळाला असलेल्या लंबगोल छिद्रातून हा मज्जातंतू खाली उतरतो आणि त्याला फांद्या फुटतात. एक फांदी खालच्या दातांना जाते. दुसरी जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाला जाते. तिसरी जबड्याच्या सांध्यामागून वळून कानाचा पुढचा भाग, कानाची नळी व पडद्याचा काही भाग यांना जाते. चावण्याच्या चारही स्नायूंना हुकूमही हाच मज्जातंतू देतो.

म्हणजे खालची दाढ, जिभेची कड, जबड्याचा सांधा आणि कान या चौघांच्या वेदना एकाच तारेने मेंदूकडे जातात. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर चार खात्यांच्या पावत्या एकाच टेबलावर येतात आणि कधी कधी एका खात्याची रक्कम दुसऱ्याच खात्यावर चढते. रक्कम खरी असते, खाते चुकलेले असते. मामांची वेदना खरी होती. ती जिभेच्या खात्यातली होती आणि मेंदूने ती कानाच्या खात्यावर मांडली होती.

हे एवढ्यावर थांबत नाही. जिभेचे मूळ, टॉन्सिल आणि घसा यांची संवेदना नेणारे आणखी दोन मज्जातंतू आहेत. त्यांच्याही लहान फांद्या कानाला जातात. त्यामुळे घशातल्या गाठीचे पहिले गाऱ्हाणे पुष्कळदा कानात उमटते. म्हणूनच डॉक्टरांनी कान तपासून "स्वच्छ आहे" असे सांगितल्यावर आपण घरी परत न येता विचारले पाहिजे, "मग दुखते कशामुळे? तोंड आणि घसा पाहता का?" आम्ही हा प्रश्न विचारला नाही. विचारायला पैसे पडत नव्हते.

कानातली हाडे कुठून आली?

जबडा आणि कान यांचे नाते फार जुने आहे. कानाच्या पडद्यामागे तीन चिमुकली हाडे असतात. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांची नावे हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी वाचली. रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचे. पडद्याचा थरार ही हाडे आतल्या कानाकडे पोहोचवतात.

१८३७ साली जर्मन शास्त्रज्ञ कार्ल रायखर्ट यांनी गर्भाच्या अभ्यासावरून दाखवले की, सरपटणाऱ्या प्राण्यांत जी दोन हाडे जबड्याचा सांधा बनवतात, तीच सस्तन प्राण्यांत हातोडा आणि ऐरण झालेली आहेत. पुढे जीवाश्म सापडले. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या काही लहान प्राण्यांत जुना आणि नवा असे दोन्ही सांधे शेजारी शेजारी होते. नवा सांधा चावण्याचे काम करू लागला आणि जुनी हाडे हळूहळू ऐकण्याच्या कामाला लागली. आजही मातेच्या पोटात गर्भ वाढताना हातोडा आणि जबडा एकाच कुर्चेच्या कांडीवर तयार होतात. कानाचा पडदा ताणून धरणारा बारीकसा स्नायू कानात राहतो, पण त्याला हुकूम येतो तो चावण्याच्या स्नायूंना देणाऱ्या मज्जातंतूकडूनच. घर बदलले तरी जुना पत्ता राहून जावा, तसा हा प्रकार.

कान, जीभ आणि चव यांचीही गुंतागुंत आहे. जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारा एक नाजूक तंतू कानाच्या पडद्यामागून, हातोड्याला लगटून जातो. कान जुना वाहत असेल, आत सडत असेल, तर तोंडाची चवही बिघडू शकते, ती यामुळे.

तान्ह्या मुलांचे कान

मधल्या कानापासून नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडणारी एक नळी आहे. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. मोठ्या माणसात ती सुमारे साडेतीन सेंटीमीटर लांब व उतरती असते. ती एरवी मिटलेली राहते. आवंढा गिळताना किंवा जांभई देताना टाळूचा एक स्नायू ती उघडतो आणि कानात हवा खेळते. घाटातून जाणाऱ्या एस. टी. त कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, याचे कारण हेच.

लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दी-पडशाचे जंतू तिच्यातून सहज कानात जातात. मूल रात्री रडते, कान ओढते, आणि एक दिवस उशीवर पू दिसतो. म्हणून माता-भगिनींनी दोन गोष्टी पाळाव्यात. मुलाला अगदी सपाट आडवे ठेवून दूध पाजू नये, डोके उंच धरावे. तेल मालिश करताना कानात तेल मुळीच ओतू नये. वाहता कान 'मोठेपणी आपोआप थांबेल' म्हणून सोडून देऊ नये. मागच्या हाडातून संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत, आणि ऐकू कमी येणारे मूल शाळेत मागे पडते ते वेगळेच. मास्तर त्याला ढ म्हणतात. बिचाऱ्याला धडाच ऐकू आलेला नसतो.

पन्नीत घोटलेले दुखणे

आता जे सांगायचे ते आम्हाला सांगायला जड जाते. मामा तीस वर्षे खर्रा खात होते. आमच्या विदर्भात खर्रा म्हणजे काय हे सांगायला नको. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा आणि गालात धरायचा. पश्चिम महाराष्ट्रात त्याच्या भावाला मावा म्हणतात. लहानपणी मामांसाठी पानठेल्यावरून खर्रा आणून देणारे आम्हीच होतो. नोकरीला लागल्यावर आठ वर्षे आम्हीही खाल्ला. दुपारच्या सुट्टीत कचेरीतले सहकारी खर्रा पुढे करीत आणि नाही म्हणणे म्हणजे माणूसघाणेपणा ठरे.

पुष्कळ लोक म्हणतात, आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो. हा मोठा गैरसमज आहे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी २००३ साली ठरवले. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या अस्तराखाली ताठर तंतू साचत जातात. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांत हा विकार नोंदवला आणि १९५३ साली डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातले रुग्ण नोंदवून त्याला आज रूढ असलेले नाव दिले.

सुरुवात साधी असते. तिखट सोसत नाही, भाजी धुऊन खावी लागते. मग गाल आतून पांढुरका, संगमरवरासारखा दिसू लागतो. बोट फिरवले तर दोरीसारखे पट्टे लागतात. फुगा फुगवता येत नाही, शीळ घालता येत नाही, जीभ बाहेर येत नाही. वर सांगितलेले बलवान स्नायूही मग बांधलेल्या बैलासारखे होतात. टाळूचा तो नळी उघडणारा स्नायू आखडला तर कानाला दडे बसतात, ऐकू कमी येऊ शकते. एकदा साचलेले तंतू पूर्ववत होत नाहीत. सुपारी सोडली तर वाढ रोखता येते, व्यायाम, इंजेक्शने आणि शस्त्रक्रिया यांनी तोंड काही प्रमाणात उघडते. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांपैकी ५ जणांना कर्करोग झाला.

महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैपासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली. तरीही पुड्या मिळतात, हे आपण सारे जाणतो. त्याच शिबिरात एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला होता. आयटीआयला शिकणारा, अंगाने धडधाकट. त्याच्या तोंडात दीड बोटही जाईना. आई शेजारी उभी होती. ती म्हणाली, "मला वाटलं तिखट खात नाही म्हणजे पोरगं नाजूक आहे जी."

घरी करावयाची तपासणी

महिन्यातून एकदा, सकाळी दात घासल्यावर, आरशासमोर एवढे करावे:

१. स्वतःच्या हाताची पहिली, मधली आणि तिसरी अशी तीन बोटे उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. मोठ्या माणसाचे तोंड साधारण साडेतीन ते पाच सेंटीमीटर उघडते. तीन बोटे जात नसतील, किंवा पूर्वी जात होती आणि आता जात नाहीत, तर दाखवून घ्या.

२. जीभ बाहेर काढा, डावीकडे-उजवीकडे वळवा, दोन्ही कडा पाहा. ओठ उलटून आणि गाल ओढून आतली बाजू पाहा. पांढरा वा लाल चट्टा, गाठ, जखम दिसते का?

३. कोणतीही जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर डॉक्टरांना दाखवा, दुखत नसली तरीही. आरंभी ती पुष्कळदा दुखतच नाही.

४. कान दुखतो आणि कान स्वच्छ आहे असे निघाले, तर दात, जीभ, जबड्याचा सांधा आणि घसा यांची तपासणी मागून घ्या.

५. दाढेचा फोड, सुजलेला गाल अंगावर काढू नका. त्या खोल पोकळीतल्या शिरांचे जाळे कवटीच्या आतल्या शिरांशी जोडलेले आहे. सूज येऊन तोंड उघडेनासे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शासकीय दंत महाविद्यालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत ही तपासणी अल्प खर्चात होते. एक दिवसाची मजुरी बुडते हे खरे. आमच्या मामांनीही ती बुडू नये म्हणूनच तीन महिने काढले.

मामा आज

मामांची शस्त्रक्रिया झाली. जिभेचा उजवा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, पुढे शेक दिले. मामा आज हयात आहेत. बोलणे अस्पष्ट झाले आहे. मामींना कळते, आम्हाला दोनदा विचारावे लागते. भाकरी दुधात कुस्करून खातात. डॉक्टरांनी एवढेच म्हटले, "दोन-अडीच महिने आधी आला असता तर थोडक्यात भागले असते." ते दोन-अडीच महिने आमच्या थेंबांच्या बाटल्यांत गेले.

आम्ही खर्रा त्याच वर्षी सोडला. मामांनी तर सोडलाच. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या चाळीखालच्या पानठेल्यावर संध्याकाळी पोरे जमतात, तिथे मामा जाऊन उभे राहतात. बोलायचे तर फारसे जमत नाही. एकेका पोराला हाताने खूण करतात आणि तीन बोटे उभी करून दाखवतात. पोरे आधी हसत. आता मुकाट्याने तोंडात बोटे घालून बघतात. गेल्या महिन्यात त्यांच्यापैकी दोघांना दंत महाविद्यालयात नेऊन आणले. एकाची तीन बोटे जात होती. दुसऱ्याची दोन. त्याचे उपचार सुरू आहेत.

वाचकहो, हा अंक खाली ठेवण्यापूर्वी तीन बोटे उभी करा. मग घरातल्या प्रत्येकाला करायला सांगा.